बसऱ्याचं अंतर

रत्नागिरीस माझी बदली झाली तेव्हा मी पक्का घाटावरचा, साताऱ्याकडचा माणूस होतो. घाटावरच्या माणसाला अंतर विचारलं की तो कोस सांगतो, चार इयत्ता जास्त शिकलेला असला तर मैल. आमचे घरमालक विडे सांगत. बिऱ्हाड लागलं त्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "इथून मांडवी बंदर किती लांब?" ते म्हणाले, "दीड विडा." म्हातारा नव्या भाडेकरूची फिरकी घेतोय असं मला वाटलं. पण ते अगदी गंभीर होते. घरातून निघताना तोंडात घातलेला विडा उतारावरच्या आंब्याशी संपतो, तिथं दुसरा घालायचा, तो निम्मा झाला की बंदर. पोस्ट अर्धा विडा, शाळा पाऊण. भाट्याची खाडी ओलांडायची असली तर मात्र ते विडा सांगत नसत. "ते तरीवर आहे," म्हणत, म्हणजे होडी मिळेल तेव्हा. मी भूगोलाचा मास्तर. दिवसभर पोरांच्या डोक्यात मैल आणि फर्लांग भरायचे आणि घरी येऊन हे ऐकायचं.

ते स्वतः एका शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना शास्त्रीबुवा म्हणत. उंच, वाळकी अंगकाठी, खांद्यावर पंचा आणि कमरेला पानाची चंची. त्यांची दुसरी खोड म्हणजे 'कुठून कुठे?' हा प्रश्न. कोणी सहज बोलून गेलं, "उद्या गुहागरास जातोय," की हे विचारणार, "कुठून कुठे?"

"इथून गुहागरास, बुवा."

"इथून म्हणजे तुमच्या ओटीवरून की बंदरावरून? आणि गुहागरास म्हणजे देवळाशी, की भावाच्या दारात?"

"आता काय सांगू तुम्हाला? जाऊ दे."

"जा की. पण कुठे जाताय ते ठाऊक असू दे."

लोक त्यांना बघून रस्ता बदलत. मला बदलता येत नसे, कारण त्यांच्या आणि आमच्या बिऱ्हाडाची ओटी एकच होती.

घरात ते आणि त्यांची सून अशी दोनच माणसं. बायको मागेच वारलेली. मुलगा कुठं असतो असं मी एकदा विचारलं, तर "बसऱ्यास" एवढंच म्हणाले, बाजारात गेलाय म्हणावं तितक्या साधेपणानं. कोकणात प्रत्येक घरातला कोणीतरी कुठेतरी गेलेलाच असतो. बहुतेकांचा मुंबईस, ह्यांचा बसऱ्यास. मी पुढं काही विचारलं नाही. सुनेला आम्ही वहिनी म्हणत असू. कमी बोलणारी बाई. कपाळावर ठसठशीत कुंकू लावी आणि विहिरीवरून येताना कोणाकडे बघत नसे.

त्या सुमारास वर्तमानपत्रांतून विमानांच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. विलायतेचं टपाल आता कराचीपर्यंत विमानानं येतं, वाटेत बसऱ्यास उतरतं, असं एक दिवस छापून आलं. शास्त्रीबुवा तो अंक घेऊन तडक माझ्या खोलीत आले. "मास्तर, कराचीच्या विमानतळापासून बसऱ्याच्या विमानतळापर्यंत अंतर किती?"

मला खरं सांगायचं तर उकळ्या फुटल्या. त्या घरात पहिल्यांदाच कोणी माझ्या विषयातलं काही विचारत होतं. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर मी दोरा लावून मोजलं, तर तेराशे मैलांच्या आसपास आले. मग ॲटलास काढला, त्यात कमी भरलं. पृथ्वीच्या गोलावर दोरा धरला तर तिसरंच. भिंतीवरचा नकाशा दमट हवेनं फुगला होता आणि गोलाचा इराणाजवळचा कागद सुटला होता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. "बारा-तेराशे मैल धरा," मी घरी येऊन सांगितलं.

"मैल नकोत. वेळ सांगा."

"विमानानं दोन दिवस. रात्री मध्ये कुठंतरी उतरतात म्हणे."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "दोन दिवस? म्हणजे तुमच्या साताऱ्याहून जवळच की हो." त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या चंचीतलं पान लावून दिलं. असं ते सहसा कोणाला देत नसत.

संध्याकाळी पुन्हा दारात उभे. चेहरा पडलेला. "मास्तर, एवढं जवळ असणं शक्य नाही. तुमचा दोरा तोकडा असेल. पुन्हा मोजा."

मी चक्रावलो, पण म्हाताऱ्या माणसाशी वाद कशाला म्हणून पुन्हा मोजतो म्हटलं. तोवर त्यांनी राजिवड्याच्या एका नाखव्याला गाठलं होतं. हा नाखवा तरुणपणी खजुराच्या मोसमात गलबत घेऊन बसऱ्यास जाऊन आलेला. शास्त्रीबुवा मलाही बरोबर घेऊन गेले. नाखवा जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाला, "वारा असला तर पंधरा दिस. नसला तर महिना. आणि वारा फिरला तर अल्लाला ठाव." शास्त्रीबुवा इतके खूश झाले की परतताना त्यांना दोन विड्यांचा रस्ता एका विड्यात संपला. वाटभर मला सांगत होते, "बघा, माणूस जाऊन आलेला आहे. नकाशावर दोरे लावणं निराळं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर आले ते चिडूनच. "त्या नाखव्यास काय कळतंय? शिडाचा हिशेब सांगतो. विमानास शीड असतं का?"

असं महिनोन् महिने चाललं. कधी त्यांना बसरा जवळ हवं असे, कधी लांब. मी दोन दिवस म्हणालो तर म्हणत, वाटेत धुळीची वादळं असतात, ती धरलीत का? चार दिवस म्हणालो तर म्हणत, साहेबाची विमानं तुमच्या वादळांना भीक घालत नाहीत. आमच्या मंडळींनी, म्हणजे माझ्या बायकोनं, एक अनुमान काढलं होतं. "चहाच्या आधी त्यांना जवळ लागतं नि चहानंतर लांब," ती म्हणाली. मी काही दिवस ते ताडून पाहिलं. तेही जमेना.

मग सड्याचं सुरू झालं. विमानतळ हा शब्द तेव्हा नवा होता. मी त्यांना समजावलं होतं की विमान उतरायला लांबलचक सपाट, मोकळी जमीन लागते. "म्हणजे सडा," ते म्हणाले. गावामागे जांभ्या खडकाचा मोठा सडा आहे, गुरं चरतात तिथं. शास्त्रीबुवा रोज उन्हं कलल्यावर वर जाऊन तिथले सुटे जांभे दगड उचलून कडेला टाकू लागले. कोणी विचारलं तर सांगत, "बारके दगड चाकाखाली येतात." गुराखी हसत. गावात बोलणं सुरू झालं की शास्त्रीबुवांचं जरा सुटलंय. वहिनी मात्र ते निघाले की त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या देत.

खरी गोष्ट मला कळली ती चैत्रातल्या हळदीकुंकवाला. आमच्या मंडळींनी आळीतल्या बायकांना आमंत्रणं केली. शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, "वहिनींना बोलावलंत?"

"हो. का?"

"नाही, तुमची मर्जी. आम्ही आपलं बोलावत नाही, नाही म्हणतही नाही. कळतच नाही ना काय ते."

आणि मग त्यांनी सांगितलं. मुलगा चौदा सालच्या महायुद्धाच्या वेळी लष्करी कचेरीत कारकून म्हणून बसऱ्यास गेला. लग्न होऊन वर्ष झालं होतं. युद्ध संपलं तरी तिथंच राहिला. काही वर्षं पत्रं येत होती, मग थांबली. शोध केला, त्या कचेरीला लिहिलं, ती कचेरीच उठून गेली होती. आता बारा वर्षं होत आली. बारा वर्षं काहीच कळलं नाही की माणूस गेला असं धरतात, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, आणि मग बायको विधवा. तोवर सवाष्ण. पण ती कोणत्या दिवशी काय आहे हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

वहिनी आल्या. दाराजवळ बसल्या, भिजवलेले हरभरे पदरात घेतले. आमच्या मंडळींनी त्यांना कुंकू लावलं तेव्हा दोघीजणी पन्हं तसंच ठेवून उठल्या. रात्री बायको मला म्हणाली, "मी बरोबर केलं की चूक?"

म्हाताऱ्याचा उलटसुलट हिशेब मात्र मला त्या दिवसापासून थोडा कळू लागला. बसरा जवळ असलं तर मुलगा परवा येऊ शकत होता. पण जवळ असून बारा वर्षांत एक ओळ नाही, म्हणजे तो एकतर गेला होता किंवा त्याला बाप नको होता. लांब असलं तर त्याचं काही चुकलं नव्हतं, पण मग तो येणारही नव्हता. ह्यातलं कोणतं अंतर मागावं हे त्या माणसाला ठरवता येत नव्हतं, आणि मी त्याला दोरे लावून मैल सांगत होतो. मला स्वतःची फार लाज वाटली.

वैशाखात गुहागरहून त्यांचे चुलतभाऊ आले. बरोबर उपाध्ये. चुलतभावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि वहिनींना सवाष्णींत बसवायचं की नाही हा प्रश्न होता. माणूस वाईट नव्हता. "दादा, पोरीचे हाल आहेत हे," ते म्हणाले. "ना इकडे ना तिकडे. एकदा काय ते ठरवून टाक." शास्त्रीबुवांनी मला बोलावून घेतलं. "मास्तर भूगोलाचे आहेत. त्यांना विचारा काय ते."

उपाध्ये म्हणाले, "बारा वर्षांचा नियम माणसं पायी जात तेव्हाचा. दहा दिवसांत बातमी येत नाही ते देशांतर. मास्तर, विमानानं कराचीहून बसऱ्यास किती वेळ लागतो?"

मी शास्त्रीबुवांकडे बघितलं. ह्या वेळी त्यांना काय हवं होतं, जवळ की लांब? त्यांच्या तोंडावरून काही समजेना. जे माहीत होतं तेच मी सांगितलं. "दोन दिवस म्हणतात. वारा-वादळ असलं तर जास्त."

"झालं तर. देशांतर राहिलंच कुठे? आणि बारा वर्षंही भरलीच."

शास्त्रीबुवांनी चंची सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाले, "विमान कुठून कुठे जातं? सड्यावरून सड्यावर. माझा मुलगा काय सड्यावर राहतो? सड्यापासून तो किती लांब आहे, ते मोजलंय कोणी?"

मग त्यांनी निराळंच विचारलं. "उपाध्ये, मी गेलो तर त्यास सुतक लागेल ना?"

"आईबापांच्या बाबतीत अंतर बघत नाहीत. मुलगा कितीही लांब असो, ऐकलं त्या दिवसापासून दहा दिवस. तुम्हाला का मी सांगायचं? पण सुतक जिवंताला असतं, शास्त्रीबुवा."

वहिनी आमसुलाचं सरबत घेऊन आल्या होत्या. भांडी खाली ठेवून त्या तिथंच उभ्या राहिल्या. एवढ्या दिवसांत पुरुषमाणसांसमोर त्यांना बोलताना मी ऐकलं नव्हतं. "मामंजी, तुम्ही रोज वेगळं सांगता. ते लांब आहेत की जवळ, एकदा सांगा मला."

"मला कळलं असतं तर मास्तरांना कशाला विचारीत बसलो असतो गो," म्हातारा म्हणाला. मग चुलतभावाकडे वळून, "करा काय ते. हिचे हाल नकोत."

खाडीच्या काठी विधी ठरला. मीही गेलो. घरी चुलतभावाची बायको थांबली होती, वहिनींच्या बांगड्यांसाठी. पळसाचा पुतळा बांधून झाला. डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा. तो आणायचं काम शास्त्रीबुवांनी स्वतःकडे घेतलं होतं आणि त्यांनी आणला होता असोला, वरचं सोडण तसंच असलेला. उपाध्ये वैतागले. "सोललेला हवा हो. तुम्हाला हे सांगायला हवं का?" शास्त्रीबुवा म्हणाले, "चुकलं." पण नारळ सोलायला कोयता कोणापाशी नव्हता. तसाच ठेवायचं ठरलं. उपाध्ये मंत्र म्हणू लागले. 'देशांतरी मृत झालेल्या' अशा अर्थाचे शब्द आले, तसे शास्त्रीबुवा म्हणाले, "थांबा. कुठल्या देशात?"

"म्हणजे? बसऱ्यास."

"बसऱ्यास मेला असं कळवलंय का कोणी? तिथून तो पुढं कुठं गेला असेल. कुठून कुठे गेला ते आधी ठरवा. देश सांगा, मग अग्नी देतो."

"अहो, देश कसा सांगणार?"

"मग मी कुठल्या देशातला मुलगा जाळू?"

असं म्हणून त्यांनी पुतळ्याचं डोकं उचललं, काखेत मारलं आणि घराकडे चालू लागले. चुलतभाऊ 'दादा, दादा' करत मागे. उपाध्ये मात्र बिनडोक्याच्या पुतळ्याशी बसून राहिले. अर्ध्यावर टाकलेल्या पुतळ्याचं करायचं काय ह्याला त्यांना कुठं आधार सापडेना. शेवटी आम्ही दोघांनी तो उकलून पानं ओहोटीला सोडली. ते बरोबर झालं की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

घरी पोचलो तेव्हा वहिनी ओटीच्या खांबाला धरून उभ्या होत्या. बांगड्या हातातच होत्या. शास्त्रीबुवांनी नारळ त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी नारळाकडे बघितलं, सासऱ्याकडे बघितलं. नारळ उचलून विहिरीच्या बाजूला नेला आणि ओल्या मातीत अर्धा पुरून ठेवला, रुजत घालतात तसा. त्यांना बरं वाटलं की वाईट, हे मला आजही सांगता यायचं नाही. चुलतभावाच्या मुलीचं लग्न झालं, त्याला त्या गेल्या नाहीत.

पुढच्या दिवाळीनंतर शास्त्रीबुवा तापानं पडले. शेवटपर्यंत शुद्धीत होते. मी उशाशी बसलो असताना एकदा म्हणाले, "मास्तर, सड्यावरचे मोठे दगड राहिलेत हां. मला उचलले नाहीत." कार्तिकातल्या पांडव पंचमीला पहाटे ते गेले. गुहागरच्या चुलतभावानं अग्नी दिला.

त्याच दिवशी दुपारी वहिनी आमच्या खोलीच्या दाराशी आल्या. डोळे सुजलेले, हातात बंद केलेलं पाकीट, आणि त्यावर बसऱ्याचा तोच जुना, उठून गेलेल्या कचेरीचा पत्ता. "मास्तर," त्या म्हणाल्या, "हे विमानानं टाकलं तर कधी पोचेल?"

ते पत्र कुठंच पोचणार नव्हतं. हे मला माहीत होतं, आणि त्यांना माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. पण त्यांनी वेळ विचारली होती. मी कागद घेतला. इथून बोटीनं मुंबई, मुंबईहून कराची, कराचीच्या सड्यावरून बसऱ्याच्या सड्यावर. आणि सड्यावरून पुढं माणसापर्यंत एक दिवस मी माझ्या मनानं जास्त धरला. "पौर्णिमेला मिळेल," मी सांगितलं. त्या विषयात एवढ्या खात्रीनं मी पूर्वी कधी बोललो नव्हतो.

त्यांनी पौर्णिमेच्या पुढचे दिवस बोटांवर मोजले. मान हलवून गेल्या.

तेरावं झालं. घराचं सुतक फिटलं, गोडाचं जेवण झालं, माणसं परत गेली. वहिनींनी गोडाला हात लावला नाही. देवाजवळचा दिवा लावेनात, तो आमची मंडळी रोज जाऊन लावी. आळीतल्या बायकांनी विचारलं तर म्हणत, "अजून आहे." काकू म्हणाल्या, हिचंही सासऱ्यासारखंच सुटलं वाटतं. मीही गोंधळलो होतो.

वद्य एकादशी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या न्हाऊन, कुंकू लावून आमच्याकडे आल्या. ताटलीत घावनं आणि वाटीत गुळाचं घाटलं, वरती केळीचं पान. आमच्या मंडळींच्या हातात देऊन म्हणाल्या, "काल एकादशी होती, म्हणून आज केलं."

"आज काय विशेष, वहिनी?"

"त्यांचं सुतक फिटलं."